मंत्रीसाहेब, गुडघ्याची बातमी कोण छापणार?

माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी आमच्या तालुक्यात खो-खो स्पर्धेचा नारळ तुम्ही फोडलात. खांबाला हात लावून फोटोही दिलात. दुपारी त्याच खांबाशी माझ्या मुलीचा गुडघा गेला. मैदानावर मुरूम टाकला होता, पण पाणी मारलं नव्हतं, रोलर फिरवला नव्हता. तिने सूर मारला, सुपारीएवढा खडा गुडघ्यात रुतला आणि पाय तसाच पिळला गेला. स्ट्रेचर नव्हतं, चार पोरांनी सतरंजीत घालून नेली. अ‍ॅम्ब्युलन्स होती हो. ती तुमच्या ताफ्याबरोबर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तीन पेपर घेतले. तिन्हींत एकच बातमी, चुकीच्या ठिकाणच्या स्वल्पविरामासकट. ‘खो-खोचा थरार’, चार फोटो, चारही तुमचे. पत्रकारांच्या मंडपात भरीत-पुरी होती, पोरींना दोन-दोन केळी. (रावेरची होती, तेवढं बरं.) ओळखीच्या वार्ताहराला विचारलं, तर म्हणाला, “नाना, छापलं तर पुढच्या वेळी पास नाही आणि तुमच्या वाढदिवसाला साहेबांची जाहिरातही नाही.” म्हणजे माझ्या नाही, तुमच्या वाढदिवसाला. बिचारा घाबरून सर्वनामंसुद्धा चुकत होता. त्याचं घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. त्याच्यावर काय चिडू?

वर तरी काय वेगळं आहे? आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. एवढे पैसे मोजणारा चॅनेल बोर्डाला अडचणीचा प्रश्न विचारेल? हर्षा भोगलेंसारख्या माणसाला २०१६ मध्ये आयपीएलच्या तोंडावर समालोचनातून वगळलं, कारणही सांगितलं नाही. बाकीच्यांनी घ्यायचा तो धडा घेतला. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यातही माहिती अधिकार सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरताच. क्रिकेट बोर्ड अनुदान घेत नाही, सुटलं! २०२३ मध्ये कुस्तीगीर पोरी लैंगिक छळाची तक्रार घेऊन जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा कुठे देशाला कळलं. कुस्ती वर्षानुवर्षं कव्हर करणारे तोवर काय निकालच लिहीत होते?

मंडपावर म्हणे बारा लाख गेले. गावात कोणी वीसही सांगतं. खरा आकडा तुमच्याकडे असेल, तो तहसीलच्या फलकावर लावा. आणि पुढच्या स्पर्धेत तुमच्या यादीबाहेरच्या एका तरी पत्रकाराला मैदानात फिरू द्या, जेवण त्याचा तो आणेल. एमआरआयचे पैसे मी कापूस विकून भरले, ते मागत नाही.

कालच सहभागाचं प्रमाणपत्र आलं. खाली तुमची सही छापील आहे, झोकदार. वर खेळाडूचं नाव लिहायची जागा कोरीच आहे.

आपला,
एका खो-खोपटूचा बाप
जळगाव जिल्हा