वीणा खाली न टेकवणाऱ्या माउलींना

माउली, रामकृष्णहरी.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. निघताना तुम्हीच म्हणालात, "नाव कशाला? वाटंवर सगळे माउलीच." आबाही अजून तुमची चौकशी याच नावानं करतात.

आबा बरे आहेत. दोन स्टेंट टाकलेत, सकाळी वेशीपर्यंत चालून येतात, पथ्याच्या भाजीला नावं ठेवतात. हे आधी सांगतो, कारण फोनवर तुमचा पहिला प्रश्न हाच असतो.

आमच्या गावची दिंडी लहान आहे, 30 माणसांची. बीड जिल्ह्यातून निघून बार्शी, कुर्डुवाडी करत आषाढीला पंढरपूर गाठते. आबा तिचे 21 वर्षं विणेकरी. गाव सोडलं की पंढरपूर येईपर्यंत वीणा भुईला टेकवायची नाही, हा आमच्या दिंडीचा नेम. रात्री मुक्कामालासुद्धा पहारे लावून कुणी ना कुणी ती गळ्यात घेऊन उभं असतं. वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मगच ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. मी पुण्यात नोकरी करणारा, गळ्यात माळ नसलेला मुलगा. मला हे सगळं लहानपणापासून दिसत होतं, कळलं मात्र यंदा.

मोडनिंबच्या अलीकडे आबांच्या छातीत कळ आली. दिंडी पुढे गेलेली, मागे आबा, माझे चुलते आणि आणखी दोन म्हातारे. त्यांनी हात करून करून गाड्या थांबवायचा प्रयत्न केला. मागच्या काचेवर विठोबा रंगवलेली एक गाडी वेग कमी करून आली, आतल्यांनी पाहिलं, आणि ती निघून गेली. चुलत्यांनी हे सांगितलं तेव्हापासून ते माझ्या घशात अडकून बसलंय. तुम्ही त्या वेळी उसाला दारं धरत होतात. खोरं बांधावर टाकून पळत आलात.

आबा घामानं भिजले होते, पण वीणा सोडत नव्हते. चुलते ओढत होते, "दादा, सोड, सोड आता," आणि आबांची बोटं दांडीला आणखी घट्ट होत होती. घाबरलेली माणसं होती ती, त्यांचा दोष नाही. तिथं तुम्ही जे केलंत ते मी चुलत्यांकडून निदान दहा वेळा सांगून घेतलंय. तुमचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखले होते. तुम्ही सरीतल्या पाण्यात हातपाय धुतलेत. पटका सारखा केलात. आबांच्या पायांवर डोकं ठेवलंत आणि मान पुढे करून म्हणालात, "आबा, माझ्याकडं द्या. टेकू देत नाही."

आबांनी वीणा तुमच्या गळ्यात घातली आणि मग अंग टाकलं.

अर्धा मिनिट गेला असेल या सगळ्यात. कुणी म्हणेल, माणसाचा जीव चाललाय आणि हा पाय धुतोय. पण त्या अर्ध्या मिनिटानंच आबा गाडीत बसायला तयार झाले. त्यांच्यासाठी काय मोलाचं आहे हे तुम्ही न सांगता ओळखलंत. मी त्यांच्या पोटचा, मला ते ओळखता आलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारतो.

तुमच्या मुलानं दुधाच्या कॅनची पिकअप काढली, वहिनींनी मोटर बंद केली. वीणा नजरेआड झाली की आबा उठून बसायला बघायचे, म्हणून तुम्ही मागच्या हौद्यात एका हातानं लोखंडी पाइप धरून उभे राहिलात. पहिल्या दवाखान्यात काय झालं ते तुम्ही मला सांगितलं नव्हतं, चुलत्यांनी सांगितलं. आधी पैसे भरा. कोण आहेत हे, नातेवाईक कुठायत? ती वीणा बाहेर ठेवा. पांढऱ्या कपड्यातला एक म्हातारा बाकड्यावर कण्हत होता आणि काउंटरवरच्या माणसाला मान वर करून बघायला सवड नव्हती. डॉक्टर आत होते, बाहेर आले नाहीत. तिथे बसलेली ती वेळ आबांच्या हृदयाला महाग पडली, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. त्या दवाखान्याला मी माफ केलेलं नाही.

मी रात्री अडीचला सोलापूरला पोचलो. आयसीयूच्या दाराला हातभर काच होती. तिच्यातून आतल्या खाटेवरून वीणेचा भोपळा दिसेल अशा बेतानं तुम्ही उभे होतात. शेजारी नर्सबाईंनी आणून ठेवलेली खुर्ची रिकामी होती. पोटऱ्यांवर वाळलेला चिखल तसाच होता, तेवढा धुवायचा राहून गेलेला. दुपारपासून तुम्ही उभे होतात, माउली.

मी हात पुढे केले आणि मागे घेतले. म्हणालो, मला माळ नाही. तुम्ही म्हणालात, "आबांचं लेकरू ना? मग झालं." आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले तुम्ही खाली वाकून माझ्या पाया पडलात. मग मीही वाकलो. दिंडीतली माणसं न्यायला आली तोवर, सकाळपर्यंत, वीणा माझ्या गळ्यात होती. माझे पाय दोन तासांतच भरून आले.

डिझेलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. पहाटे चारला धारा काढायच्या असतात, डेअरीत दूध घालायचं असतं, म्हणून चहासुद्धा उभ्यानंच घेतलात. जाताना एवढंच मागितलंत, "पंढरपुरातनं बुक्का आणा."

नंतर तुमच्या घरी आलो तेव्हा कळलं की तुम्ही कधीच पायी वारी केलेली नाही. म्हातारी आई, तीन एकर, चार जनावरं, दोन मुलींची शिक्षणं, आणि लाईट येते ती बऱ्याचदा रात्रीची. पंधरा दिवसांची एकादशी आणि संध्याकाळचा हरिपाठ मात्र चुकत नाही. तुमच्यापासून अरण जवळ आहे. मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल पाहणाऱ्या सावतोबांचं गाव. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात आणि सावतोबांना भेटायला पांडुरंगाची पालखी अरणला येते, हे आबांनी मला किती वेळा सांगितलं असेल. तुमच्या गोठ्यासमोर बाजेवर बसून वहिनींच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी खाताना ते आठवलं.

अशी माणसं आपल्या गावागावात आहेत. कर्ज फेडतात, पोरी शिकवतात, दुसऱ्याच्या म्हाताऱ्यासाठी ओलं रान सोडून पळत येतात. त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून या लिहिल्या.

दिंडी बुक्का घेऊन आली आहे. पुडी देवघरातल्या कोनाड्यात ठेवली आहे. मी पोस्टानं पाठवतो म्हणालो तर आबांनी हात आडवा धरला. कार्तिकीला एसटीनं यायचंय त्यांना, पुडी स्वतःच्या हातानं द्यायला.

तुमचा,
आबांचा मुलगा