वीस आकड्यांच्या तक्त्याबद्दल आभार

बो हॅगलुंड आणि सोरेन हाइन यांस,
स. न. वि. वि.

'डीडीएस', म्हणजे 'डबल डमी सॉल्व्हर', हे आपल्या संगणकीय आज्ञावलीचं नाव फार थोड्या ब्रिज खेळाडूंना ठाऊक असतं. पण चार खेळाडू, प्रत्येकी चार रंग आणि नो ट्रम्प (हुकूम नसलेला खेळ) असा वीस आकड्यांचा तक्ता सगळ्यांच्या ओळखीचा. चारही जणांचे पत्ते उघडे धरून (हेच 'डबल डमी') कोण किती हात (चार पत्त्यांच्या फेऱ्या) करू शकतो, हे आपली आज्ञावली क्षणार्धात सांगते. ती आपण सर्वांसाठी खुली ठेवलीत, म्हणून हे जाहीर आभार.

आधी उल्लेख पत्त्यागणिक विश्लेषणाचा. चार इस्पिक (इस्पिक हुकूम धरून दहा हात करण्याची बोली) एका हाताने बुडालं की भिडू लगेच बोलीवर घसरतो. कोणत्या पत्त्याने हात घालवला ते या विश्लेषणात दिसतं, आणि निम्मी भांडणं तिथेच मिटतात. पत्ता चुकला असेल तर बोलीला आधी दोष देऊ नये.

पण एका डावाचा तक्ता बोलीचा न्यायाधीश नव्हे. किल्वरचा राजा फिनेसमध्ये (तो कोणाकडे आहे या अंदाजावरच्या खेळीत) सापडला म्हणून गेम (बोनस देणारी बोली) झाली, एवढ्याने ती बोलायलाच हवी होती असं ठरत नाही. त्यासाठी आपले दोघांचे २६ पत्ते कायम ठेवून उरलेले २६ संगणकाकडून हजार वेळा पिसून वाटून घ्यायचे आणि प्रत्येक वाटप आपल्या सॉल्व्हरमधून काढायचं. शंभर वाटपांत टक्केवारी दहाने इकडेतिकडे होऊ शकते, हजारांत साधारण तीनने. व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही वाढलेल्या) गेमला आयएमपीत (दोन टेबलांच्या गुणफरकावरून मोजल्या जाणाऱ्या गुणांत) ३७.५ टक्के पुरतात: झाली तर ६२० विरुद्ध खालीच थांबल्याचे १७०, म्हणजे १० आयएमपी मिळतात, बुडाली तर १०० गमावून वर खाली थांबून मिळाले असते ते १४० हुकतात, म्हणजे ६ जातात. नॉन-व्हल्नरेबल असताना हाच आकडा ४५च्या आसपास येतो.

इथे बहुतेक जण घसरतात. दोघांचे पत्ते कायम ठेवले की परीक्षा काँट्रॅक्टची (शेवटी ठरलेल्या बोलीची) होते, बोलणाऱ्याची नाही. त्याला दिसत होते फक्त स्वतःचे १३. भिडूने १५ ते १७ गुणांचं (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) एक नो ट्रम्प उघडलं आणि आपल्याकडे इस्पिक राणी-८-४, बदाम राजा-६-३, चौकट राणी-गुलाम-१०-७-२, किल्वर ९-५ असे आठ गुण आहेत. निमंत्रण (गेमचा निर्णय भिडूवर सोडणारी बोली) द्यायचं की थेट तीन नो ट्रम्प, म्हणजे गेम? इथे आपले तेवढेच पत्ते बांधायचे आणि भिडूला त्या बोलीत बसणारे १३ पत्त्यांचे सगळे संच द्यायचे. पाच पत्त्यांचा बदाम असतानाही तो एक नो ट्रम्प उघडत असेल तर अटीत तसं लिहायचं. पुस्तकातली व्याख्या नको, त्याची खरी सवय हवी. उजवीकडचा पास बोलला असेल तर तेही लिहायचं. नाहीतर सात पत्त्यांचा इस्पिक आणि १४ गुण घेऊन गप्प बसलेले प्रतिस्पर्धी नमुन्यात शिरतात आणि टक्केवारी बिघडते. पहिली पंचवीस वाटपं डोळ्यांनी चाळली की अशी घाण लगेच दिसते.

सॉल्व्हरला सगळं दिसतं, त्याचा हिशेबही धरावा लागतो. एक्का-गुलाम-१०-४ समोर राजा-९-६-२ असा रंग घ्या. राणी दोन्हीकडून पकडता येते आणि डबल डमीत ती सापडतेच, मग ती एकाच प्रतिस्पर्ध्याच्या चार पत्त्यांत लपलेली असली तरी. टेबलावर तो अंदाज असतो. तेव्हा स्लॅम (बारा किंवा तेरा हातांची बोली) अशा राणीवर टांगलेला असेल तर आलेली टक्केवारी जशीच्या तशी घेऊ नये. तीन नो ट्रम्पमध्ये उलटं: प्रतिस्पर्ध्याची पहिली उतारी अचूक धरली जाते, माणूस मात्र बरेचदा भलताच रंग उतरतो. म्हणून ३५ टक्के दाखवणारी व्हल्नरेबल गेम आम्ही चूक म्हणून लिहीत नाही.

हा दोष आपल्या कामाचा नाही, प्रश्नच तसा आहे. आज्ञावली खुली असल्यामुळे वाटप करणारी साधनं तिला जोडता आली आणि बोलीची ही तपासणी घरच्या संगणकावर काही मिनिटांत होऊ लागली. त्याबद्दल मनापासून आभार.

आपले,
बोलीवरून अजूनही भांडणारे काही भिडू