रात्रीची पाळी वाटून घेणाऱ्यांना

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर २ तासांनी बदलावी लागते. म्हणजे रात्री १० ते पहाटे ६ मध्ये तीन-चारदा उठणं. दिवाळीच्या आसपास बीडकडच्या वाड्या-तांड्यांवरून घरातले ऊसतोडीला जातात आणि सासऱ्यापाशी एकटी सून उरते. महिनाभरात ती चिडायला लागते, मग चिडल्याबद्दल रडते, जेवण तुटतं. लोक म्हणतात, स्वभावच तसला. स्वभाव कसला, झोप नाही!

म्हणून आधी त्या शेजारणींचे आभार, ज्या 'काही लागलं तर सांगा' असं न म्हणता 'मंगळवार-शुक्रवारची रात्र माझी' म्हणाल्या. दमलेल्याला मदत मागणं हेही एक कामच वाटतं. जुनं लुगडं चौपदरी करून कमरेखाली घालायचं, दोघींनी दोन्ही बाजूंनी उचलायचं, ओढायचं नाही. ओढलं की माकडहाडावरची कातडी सोलवटते. हे तुम्ही करून दाखवलंत. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये दुसरी, टाचा अधांतरी. लाल झालेली जागा चोळायची नाही, तिच्यावरचा भार काढायचा.

टँकर आल्यावर घागरी भरून देणाऱ्या पोरांचेही आभार. टेलि-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर कोळशानं लिहून गेलेल्या आशाताईंचे तर खासच. तो फुकट आहे, चोवीस तास लागतो.

पिठलं-भाकरीचे डबे धुऊन ओट्यावर ठेवलेत. ज्याचे त्यानं न्यावेत.