जैवरेणूंचा धडा आणि आपला सिकलसेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडण्याचे दिवस आहेत, म्हणून हे लिहितो आहे. आमच्याकडची मुले कर्बोदके, प्रथिने, मेद आणि न्यूक्लिइक आम्ले ही नावे घोकून पाठ करतात, गुणही मिळवतात. पण हे रेणू आपल्याच वावरात, कोठ्यात आणि रक्तात आहेत हे त्यांना कुणी दाखवत नाही. विदर्भात ते न दाखवणे फार महागात पडते.

ज्वारीचेच घ्या. दाणा आपण खातो, कडबा बैल खातो. दाण्यातले पिष्ट आणि कडब्यातले सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. फरक आहे तो ग्लुकोजचे रेणू एकमेकांना कसे जोडले गेलेत याचा. पिष्टाचा जोड आपल्या लाळेतले विकर (एन्झाइम) तोडते. सेल्युलोजचा जोड तोडणारे विकर माणसाकडे नाही. बैलाकडेही नाही, पण त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करून देतात. कापसाच्या धाग्यात तर ९० टक्क्यांहून अधिक सेल्युलोजच असते. भाकरीच्या तुकड्यावर आणि कापसाच्या बोळ्यावर आयोडीनचे दोन-दोन थेंब टाका. भाकर काळीनिळी पडते, कापूस पडत नाही. या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही. प्रथिने आणि तेल दाखवायला सोयाबीन आहेच.

पण माझा खरा जीव अडकला आहे तो सिकलसेलमध्ये, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारात. तांबड्या पेशीत ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन ५७४ अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांचे. त्याच्या दोन बीटा साखळ्यांमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते, कारण डीएनएमध्ये त्या ठिकाणी एकच अक्षर बदललेले असते. बस, एवढ्यानेच ऑक्सिजन सोडल्यावर या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब दोरे होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि लेकरू हातापायाच्या दुखण्याने रात्रभर तळमळते. अंगातले पाणी कमी झाले की त्रास वाढतो, आणि आपला उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या आजाराला रेणूचा आजार म्हटले. सिकलसेलचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते हे त्यांनी दाखवले होते. आजही इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीने निदान पक्के करतात ते याच गुणधर्मावर.

आमच्या मुलांना 'व्हॅलिन' हे उत्तर येते. पण वाहक, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच हा बदल आलेला माणूस, रोगी नव्हे, हा आजार शिवण्याने किंवा सोबत जेवल्याने होत नाही, आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे त्यांना ठाऊक नसते. मग पुढे एखाद्या मुलीची सोयरीक ती नुसती वाहक आहे म्हणून मोडते, आणि नवऱ्या मुलाची तपासणी मात्र कुणी केलेलीच नसते. दोष एकट्या मुलीच्या माथी मारणे हा उघड अन्याय आहे.

१९ जूनला जागतिक सिकलसेल दिन असतो. तेव्हा विदर्भातल्या शाळा बहुधा उघडलेल्या नसतात, त्यामुळे तो आमच्या मुलांपर्यंत पोहोचतच नाही. माझी विनंती आहे की हा धडा वर्गात चालेल त्या दिवशी मुख्याध्यापकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्यसेविकेला बोलवावे, आणि पालकांची संमती घेऊन सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक तपासणी, शाळेतच व्हावी. तिला बोटातून काढलेले थोडेसे रक्त पुरते.

आपला वाचक,
एक शेतकरी पालक, जि. यवतमाळ