तारेवर हयात गेली, तरी घरी बिनतारीच घेतलं

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला घरगुती इंटरनेटवरचा लेख वाचला. लेखकाचा निकाल एका वाक्याचा: दारापर्यंत तार येत असेल तर बिनतारीच्या वाटेला जाऊ नये. मी बत्तीस वर्षं टेलिफोनच्या केबली जोडल्या. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हा तारांच्या रंगांचा क्रम मला झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. तारेची कड माझ्याइतकी कोण घेणार? तरीही दहा महिन्यांपूर्वी घरी ५जीवर चालणारी बिनतारी जोडणी घेतली आणि अजून पस्तावलेलो नाही.

आधी आमच्याकडे फायबर होतं. चाले तेव्हा उत्तम चाले, खोटं कशाला बोलू. पण बाहेरचा रस्ता सारखा उकरला जायचा आणि वर्षभरात आमची लाइन पाच वेळा तुटली. तांब्याची तार तुटली की आम्ही खड्ड्यात बसून दोन टोकांना पीळ द्यायचो, तात्पुरतं का होईना काम व्हायचं. काचेचा तंतू तसा जुळत नाही. त्याला स्प्लायसिंगचं, म्हणजे तंतूची टोकं सांधण्याचं, मशीन लागतं, ते चालवणारा लागतो आणि त्याला यायला दोन-दोन दिवस लागतात. सूनबाई घरून काम करते. पाचव्या वेळी ती लॅपटॉप उचलून मैत्रिणीकडे गेली, तेव्हा माझा तारेचा अभिमान गळाला.

लेखात सगळी तुलना वेगाची आहे. घराला वेग लागतो तरी किती? चांगल्या प्रतीच्या एका व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट, हे वेगाचं माप) पुरतात. टीव्हीवर ४के चित्रपट लावला तर पंचवीस धरा. आमच्या घरात सगळे एकदम बसले तरी पन्नासच्या वर जात नाहीत. तीनशेचं कनेक्शन असून मंगळवार ते गुरुवार शून्य, तर ते तीनशे घेऊन काय करायचं?

‘तार म्हणजे फक्त आपली, टॉवर मात्र सगळ्यांचा’ हे लेखातलं विधानही अर्धंच खरं आहे. घरोघरी येणारं फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीचं असतं. त्यात सुमारे अडीच गिगाबिटची एक वाट ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. टीव्हीच्या केबलवरून येणारं इंटरनेटही शेजाऱ्यांबरोबर वाटूनच घ्यायचं असतं. फरक एवढाच, की तारेवरची घरं मोजलेली असतात आणि टॉवरखाली कधी किती मोबाइल येतील ते कुणी मोजून ठेवत नाही. पुष्कळ टॉवरांच्या पायाशीही फायबरच येतं. म्हणजे तिथे बिनतारी असतो तो शेवटचा टप्पा, आणि आमच्या वेळीही तक्रारी शेवटच्या टप्प्यातच जास्त असायच्या.

त्यामुळे बिनतारी घेताना आधी घराची खिडकी पाहावी. बसवायला आलेल्या मुलाने राउटर दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवला, कारण तिथे तो छान दिसत होता. रेंज उणे १०८ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप). तो गेल्यावर मी लांब वायर लावून तोच डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत नेला, तर उणे ८६. हा बावीसचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण दर दहा डीबीला ताकद दहापट होते. म्हणजे दोन भिंती ओलांडल्या आणि सिग्नल दीडशे पटींहून जास्त वाढला! आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. खिडकीला ऊन अडवणारी धातूच्या लेपाची काच असेल तर ती सिग्नलही अडवते, हे बसवणाऱ्याने विचारल्याशिवाय सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची. पहिला आठवडाभर मी वहीत आकडे लिहिले. सकाळी सहाला १८०, दुपारी १४०, रात्री नऊला ६०. अपलोड, म्हणजे घरून वर पाठवण्याचा वेग, दिवसा बारा, रात्री सात. दुपारी एकदा वेग तपासून खूश होणाऱ्याची रात्री फसगत होते.

बिनतारी कुणी घेऊ नये, हेही मला माहीत आहे. शेजारचा मुलगा ऑनलाइन गेम खेळतो. त्याने विचारलं तेव्हा मी त्याला फायबरवरच राहायला सांगितलं. हवेतली लहर काचेतल्या प्रकाशापेक्षा जोरात धावते, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. काचेत जेमतेम दोन लाख. उशीर वाटेत होत नाही, तो टॉवरपाशी पाळी लागण्यात होतो. आमच्याकडे फायबरवर संदेश जाऊन उत्तर यायला सहा मिलिसेकंद लागायचे, आता पस्तीस-चाळीस लागतात, आणि रात्री गर्दीला नव्वदही पाहिलेत. कॉलमध्ये ते कळत नाही, खेळात कळतं. तसंच बाहेरगावाहून घरचा जुना कॅमेरा थेट पाहायचा असेल तरी अडचण येते. मोबाइल कंपन्या बहुधा इंटरनेटवरच्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक ठेवतात, त्यामुळे बाहेरून आपल्या घराचं दार सापडत नाही. मोठमोठे व्हिडिओ रोज वर पाठवणाऱ्यांनीही आमचा सातचा आकडा ध्यानात घ्यावा.

बाकी पावसाची भीती फार बाळगू नये. ५जीच्या साडेतीन गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरींना पावसाचं विशेष काही वाटत नाही. फार वरच्या, मिलिमीटर लहरींची गोष्ट वेगळी. उलट पाणी शिरलेले तांब्याचे जोड भर पावसात उघडून पुसण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशी तुलना छापताना ‘इतक्या एमबीपीएसपर्यंत’ हा जाहिरातीतला आकडा तसाच उचलू नये. रात्री नऊचा वेग, अपलोड, लाइन तुटल्यावर दुरुस्तीला लागणारे दिवस आणि न जमल्यास डबा परत घेण्याची मुदत, एवढे चार रकाने द्यावेत. शेवटचा रकाना मला फार उपयोगी पडला असता. मी तो सही केल्यानंतर वाचला.

वही अजून चालू आहे. काल रात्री नऊला ५८.

आपला,
एक निवृत्त केबल जॉइंटर