गोळी खेळाडूची, चिठ्ठी कोणाची?

महोदय,

वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलेल्या व्यावसायिक खेळाडूची बातमी आली, की ‘एवढा पैसा कमावतो, मग स्वतःला आवरता येत नाही?’ हा शेरा ठरलेला. आवरायला हवंच. पण सवय लागते कुठे, तेही बघायला हवं.

अमेरिकी फुटबॉलपटू ब्रेट फार्व्हने १९९६ मध्ये व्हायकोडिन या अफूवर्गीय वेदनाशामक गोळीचं व्यसन जाहीरपणे कबूल करून उपचार घेतले आणि पुढच्याच मोसमात संघाला सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकून दिला. तो सहकाऱ्यांकडूनही गोळ्या मागून घ्यायचा. ते मागणं आणि लपवणं त्याचंच. तिथे संघाकडे बोट दाखवता येणार नाही. मात्र अशी सवय बहुतेकदा खऱ्या दुखापतीतून लागते. अफूवर्गीय औषधाला शरीर सरावतं, कालचा डोस आज पुरत नाही. त्यात विश्रांती घेतली तर जागा जाईल ही धास्ती. म्हणजे गोळी दुखण्यावर कमी आणि धास्तीवर जास्त घेतली जाते. हे खेळाडूला आतून कळत असतं, आणि त्याची जबाबदारी माझ्या मते इथूनच सुरू होते.

बेसबॉलपटू टायलर स्कॅग्जचा २०१९ मध्ये मृत्यू झाला. शरीरात फेंटानिल आणि ऑक्सिकोडोन ही अफूवर्गीय वेदनाशामकं आणि मद्य सापडलं. गोळ्या पुरवल्याबद्दल २०२२ मध्ये २२ वर्षांची शिक्षा झाली ती त्याच्याच संघाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला! गल्लीतल्या दलालाला नव्हे.

उत्तेजकांच्या बाबतीत नियम कडक आहे: शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, कोणी दिलं हा प्रश्न नंतरचा. ट्रॅमाडॉल या अफूवर्गीय वेदनाशामकावर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने १ जानेवारी २०२४ पासून बंदी घातली, तीही फक्त स्पर्धेदरम्यान. सरावाच्या दिवसांत ते घेतलं तर या नियमाचा भंग होत नाही. सवय मात्र सराव आणि सामना असा भेद करत नाही.

संघाचा डॉक्टर संघाकडून पगार घेतो आणि खेळाडू उद्या उतरेल का, हेही तोच ठरवतो. हा गुंता सुटेपर्यंत नुसत्या संयमाच्या उपदेशाने फार काही होणार नाही. डॉक्टरांची नेमणूक आणि पगार लीग व खेळाडूंच्या संघटनेने मिळून करावा. प्रत्येक चिठ्ठीची नोंद संघाबाहेरच्या वैद्यकाने तपासावी. आणि बाहेरून गोळ्या मिळवणाऱ्या खेळाडूला आधी सक्तीचे उपचार, मगच मैदान.

– एक क्रीडाप्रेमी वाचक