‘टर्मिनेटर २’ मुलांना दाखवण्यापूर्वी
सर्व पालक सदस्यांना नम्र सूचना. जेम्स कॅमेरून यांचा १९९१ सालचा हा चित्रपट मुलांना दाखवण्याचा विचार असल्यास तो आधी स्वतः पाहावा, कारण अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र (१७ वर्षांखालील मुलांना पालक किंवा प्रौढांसोबतच प्रवेश) आहे आणि कथेतील मुलगा जॉन याची आई सारा हिच्या स्वप्नातील अणुस्फोटात क्रीडांगणावरची मुले जळून जातात, ते दृश्य लहान मुलांच्या मनातून सहजी पुसले जाणारे नाही. द्रवरूप धातूच्या यंत्रमानवाने केलेल्या हत्याही अंगावर येतात. तरीही किशोरवयीन मुलांसोबत तो अवश्य पाहावा, असे एक पालक म्हणून माझे ठाम मत आहे. १० वर्षांचा जॉन आपल्या रक्षणकर्त्या यंत्राकडून कोणालाही ठार न मारण्याचे वचन घेतो, आणि १९८४च्या पहिल्या भागात नसलेला हा नैतिक प्रश्न मला पाठलागाच्या दृश्यांपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. पहिला भाग पाहिलेला नसला, तरी कथा समजते.